मधल्या आळीतली मिस मार्पल

अगाथा ख्रिस्तींच्या काही कादंबऱ्यांत अॅरिएडनी ऑलिव्हर नावाची एक लेखिका येते. ती रहस्यकथा लिहिते, केसांची ठेवण सारखी बदलते आणि सतत सफरचंदे खाते. १९६९ सालच्या 'हॅलोवीन पार्टी'त, पाण्यात तरंगणारी सफरचंदे तोंडाने उचलण्याच्या खेळासाठी भरून ठेवलेल्या बादलीत एका मुलीला बुडवून मारले जाते आणि तेव्हापासून ऑलिव्हरबाईंची सफरचंदावरची वासना उडते. ख्रिस्तीबाईंनी येथे स्वतःचीच थट्टा केली आहे हे उघड आहे. आम्हांला मात्र त्या थट्टेत एक मर्म दिसते. लेखिका जे खाते तेच गावात पिकते, तेच गावच्या खेळात येते आणि शेवटी प्रेताशेजारीही तेच सापडते. खाणे, गाव आणि गुन्हा यांचा असा एकजीव झालेल्या रहस्यकथेला इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. रक्तपात पडद्याआड, वस्ती लहान, माणसे एकमेकांच्या ओळखीची, आणि छडा लावणारी व्यक्ती पोलीसखात्याबाहेरची, बहुधा एखादी वयस्कर बाई. मराठीत या प्रकाराला रुळलेले नाव नाही, कारण मराठीत हा प्रकारच फारसा रुजला नाही. त्याचे आश्चर्य आम्हांला रत्नागिरीत जितके वाटते तितके अन्यत्र कोठेही वाटत नाही.

मराठीत रहस्यकथांचा तुटवडा कधीच नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावे दोन पिढ्यांच्या तोंडी होती. गुरुनाथ नाईकांची संख्याही त्याच घरातली. सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास आणि फिरोझ इराणी महाविद्यालयीन वाचकांचे दैवत होते. पण हे सगळे नायक शहरातले: मोटारी, हॉटेले, पिस्तुले, गोदीतल्या अंधाऱ्या वखारी. त्यांच्यापैकी कोणी पाटावर बसून शांतपणे जेवल्याचे आम्हांला आठवत नाही. याचे कारण अभिरुचीत शोधण्यापेक्षा व्यवहारात शोधावे. सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांच्या भुकेवर हा धंदा चाले. महिन्याला अमुक इतकी पुस्तके द्यायची असली म्हणजे लेखकाला गाव पाहायला, गावात जेवायला आणि गावाच्या गप्पा ऐकायला सवड कोठून मिळणार? कोझी हा प्रकार सवडीचा आहे. ख्रिस्तीबाईंचा जन्म टॉर्की या समुद्रकाठच्या गावातला; १९३८ साली त्यांनी डार्ट नदीकाठचे ग्रीनवे हे घर घेतले आणि पुढे 'डेड मॅन्स फॉली'त तेच घर वापरले. मिस मार्पल आपल्या आजीच्या ईलिंगमधल्या मैत्रिणींच्या वळणाची आहे, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. म्हणजे ही नायिका आजीच्या चहापानातून आली.

तशा आज्या आणि आजोबा रत्नागिरीत होते, आणि ते साहित्यात आलेलेही आहेत. फक्त चुकीच्या दाराने आले, असे म्हणण्याचा आम्हांला मोह होतो. पु. ल. देशपांड्यांची सासुरवाड रत्नागिरी. १९६२ सालच्या 'व्यक्ती आणि वल्ली'त त्यांनी मधल्या आळीतला अंतू बर्वा अमर केला. हा म्हातारा काय करतो? गावातल्या प्रत्येकाचे बारसे जेवल्यासारखा बोलतो. कोण कशासाठी आला, कोणाचे पोर मुंबईस काय करते, कोणाच्या थोरवीमागे काय दडले आहे, हे त्याला न विचारता कळते. मिस मार्पलचे भांडवल याहून निराळे नाही. १९३०च्या 'द मर्डर अॅट द व्हिकारेज'पासून तिची रीत एकच: समोरच्या संशयिताला पाहून तिला गावातली एखादी मोलकरीण किंवा दुकानदार आठवतो, आणि मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच या खात्रीवर ती निदान करते. फरक एवढाच की इंग्रजांनी त्या चौकसपणाला बुद्धी मानले आणि आपण त्याला वल्लीपणा मानून हसलो. हसणे वाईट नव्हे. पण अंतूशेटच्या जागी एखादी बाई असती तर तिला वल्लीसुद्धा म्हटले नसते. 'नसत्या चौकशा' एवढ्या दोन शब्दांत तिची वासलात लागली असती.

आणि ज्ञान तर त्या बाईंपाशीच होते. ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयातल्या औषधशाळेत काम करीत. विषांचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. 'द मिस्टिरियस अफेअर अॅट स्टाइल्स' या त्यांच्या पहिल्या कादंबरीतले विष स्ट्रिकनीन. ते ज्या झाडाच्या बियांतून निघते तो आपला काजरा. कोकणच्या रानात त्याची नारिंगी, दिसायला फार सुरेख फळे धनेश पक्षी निर्धास्त खातो आणि पोरांना मात्र आज्या बजावून ठेवतात. गुंजेचा पाला खावा, बी चावू नये. कण्हेर देवाला चालते, पोटाला नाही. धोतरा कोणत्या कुंपणाला आहे ते लक्षात ठेवावे: ही औषधशाळा परसातच होती. स्वयंपाकघरात यावे तर तीच बारकाई. सुरणाला आमसूल वा चिंच पडली नाही तर घसा खाजणार. पातोळ्या हळदीच्या पानातच उकडल्या पाहिजेत. बांगड्याच्या आमटीत तिरफळ ठेचून पडले की अख्खे, हे पहिल्या घासाला ओळखणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. जिच्या जिभेला इतके कळते तिला दुधातला फरक कळणार नाही? ख्रिस्तीबाईंच्या १९५०च्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्ये वाढदिवसाच्या केकचेच नाव 'चविष्ट मरण' असे ठेवले आहे, आणि १९५३च्या 'अ पॉकेट फुल ऑफ राय'मध्ये विष मार्मलेडमधून जाते. आमच्याकडे मार्मलेड नसेल, पण मुरांबा आहे, आणि कोणत्या बरणीला कोणाचा हात लागतो याचे नियम इंग्रजांच्या घरापेक्षा कितीतरी कडक आहेत. (हापूसबद्दल आम्ही मुद्दाम काही लिहीत नाही. कोकणावरच्या प्रत्येक लेखात तो आलाच पाहिजे असा दंडक आहे काय?)

इंग्रजी रहस्यकथेला गढीवरचा शनिवार-रविवार लागतो: एक घर, ठरावीक माणसे, बाहेर पडायची वाट बंद. आमच्याकडे गणपती आहेत. मुंबई, पुणे, सुरतेहून चाकरमानी भाऊ सहकुटुंब मूळ घरी येतात. ज्यांचे वर्षभर बोलणे नसते ते एका पंक्तीला बसतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे असतात आणि घर एकाच्या ताब्यात असते. बाहेर पाऊस. दरड कोसळली की घाट बंद; १९९८पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते खरी, पण पावसाळ्यापुरते तिचेही वेळापत्रक धिमे असते. दिवे जाणे तर गृहीतच धरावे. ही सामग्री समोर असताना कोकणावर लिहिणाऱ्यांनी काय केले? पेंडशांनी माणसांची जिद्द लिहिली, खानोलकरांनी काळोख लिहिला, पुलंनी हसू लिहिले. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली. त्यातही वाडा, कुटुंब आणि जमिनीचा प्रश्न होता, पण सगळे भुताच्या सावलीत. कोकण म्हटले की भूत, हे समीकरण आम्हांला आळसाचे वाटते. जेथे भावाने भावाची वाट अडवली आहे तेथे भुताची गरज काय?

येथे आमच्याच मताला एक आडकाठी येते, आणि ती लहान नाही. कोझीचा शेवट सुखाचा असतो तो खुनी सापडतो म्हणून नव्हे. गाव पूर्ववत होते म्हणून. चहाची किटली पुन्हा चुलीवर चढते. आपल्या गावाचे 'पूर्ववत' होणे म्हणजे काय? ज्या आळीची घडी आपण रम्य म्हणून रंगवतो त्या घडीत कोणी पाणवठ्यावर यायचे नाही हेही ठरलेले होते. १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर बांधावे लागले ते उगाच नव्हे. केशवपन केलेली आत्या माजघरात बसून सगळे पाहत होती, ती हौसेने नव्हे. तिला दुसरीकडे जागा नव्हती. तिचे निरीक्षण हे तिच्या कोंडीचे फळ होते. ते बक्षीस म्हणून वाचकापुढे ठेवताना लेखणी थोडी अडखळली पाहिजे.

शिवाय येथे प्रकरणे मिटत नाहीत. आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो. खुद्द शहरातले सर्वांत प्रसिद्ध रहस्यच पाहा. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली रत्नागिरीत आणला गेला, १९१०मध्ये त्याच्यासाठी राजवाडा पुरा झाला आणि १९१६च्या डिसेंबरात तो येथेच वारला. त्याचे ङामौक नावाचे मोठे माणिक मंडालेच्या पाडावात नाहीसे झाले. आपण ते स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हवाली केले, असे राजाचे म्हणणे होते. माणिक सापडले नाही. राजवाडा उभा आहे, पर्यटक छायाचित्रे काढतात, आणि शेवटचे प्रकरण कोरेच आहे.

तरीही आम्ही मागणी मागे घेत नाही. तिला थोडे वळण देतो. रत्नागिरीच्या कोझीत खुनी पकडला जाईल, पण घर पूर्ववत होणार नाही. खरे काय ते एका बाईला कळेल, आणि ते कोणाला सांगायचे हा तिचा प्रश्न उरेल. असे लिहिणाऱ्याने आधी येथे राहावे. १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय आहे. तेथे जुने दिवाळी अंक चाळावेत. बाजारात मासळीवालीशी भावाची घासाघीस करावी आणि हरावे. कोर्टाच्या आवारातल्या बाकावर एक सकाळ घालवावी. दुपारी कोणाच्या घरी कुळथाच्या पिठल्याचे बोलावणे आले तर कादंबरीचे निमित्त सांगून टाळू नये.

मात्र उशीर करू नये. वाड्यांतली कुलपे वाढत आहेत. बाराही महिने राहणारी एखादीच आजी उरते. तीच शेजारच्या चार बंद घरांच्या किल्ल्या सांभाळते, कोणते कुलूप कोणी शेवटचे उघडले ते तिला ठाऊक असते. ऋषिपंचमीची भाजी ती अजून एकटीच मोठ्या पातेल्यात करते आणि मुंबईहून आलेल्या सुनांना वाढते. कोणी नको म्हटले, कोणी दोनदा घेतली, कोणी पानातले सुरणाचे फोडे गुपचूप बाजूला सारले, हे ती वाढता वाढता पाहत असते. तिला अजून कोणी काही विचारलेले नाही.