वाचलेल्या पैशांचा हिशेब

मराठी मध्यमवर्गीय घराचा अर्थसंकल्प अनेक वर्षे भिंतीवर टांगलेला असे. कॅलेंडरच्या चौकटीत दुधाचे खाडे मांडलेले असत, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख असे, कामवाल्या बाईंनी घेतलेली उचल असे आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात पेपरवाल्याचे बिल. पगार झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाण्याची यादी निघे. घरातली बाई एकेक डबा उघडून, हलवून बघत ती लिहीत असे. साखरेपुढे आधी चार किलो लिहायचे, मग क्षणभर थांबून चाराचे तीन करायचे, ही त्या काळातली बचत होती. तिला कोणी बचत म्हणतही नसे.

आज त्याच घरात कुणी तरी मोबाईलवरून हात धुण्याचा साबण, दोन पाकिटे बिस्किटे आणि एक स्टीलची गाळणी मागवतो आणि पैसे भरताच पडद्यावर हिरव्या अक्षरांत अभिनंदन उमटते, ‘या खरेदीत तुम्ही १४२ रुपये वाचवलेत!’ बचतीचा आकडा खरेदी करणाऱ्याने काढलेला नसून विकणाऱ्याने काढून दिलेला आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ऑनलाइन खरेदी स्वस्त की महाग, यावर घरोघरी वाद होतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न निराळा आहे. घरात काय वाचले याचा हिशेब कोण करतो? तो घराबाहेर गेला, आणि इतका अलगद गेला की कोणाला जाणवलेही नाही.

या साऱ्याला चंगळवाद म्हणून मोकळे होणे सोपे आहे. नव्वदच्या दशकात या शब्दाने आपण बऱ्याच गोष्टी निकालात काढल्या. पण तो इथे अपुरा पडतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाला मिक्सरचे भांडे, मुलाचे प्रवेश परीक्षेचे पुस्तक किंवा आईच्या गुडघ्याचा पट्टा घरबसल्या मिळतो आणि पुष्कळदा शहरातल्या दुकानापेक्षा कमी किमतीत मिळतो. एसटीचे जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेला रोज धरला तर ही बचत खरीच आहे. दिवसभर नोकरी करून लोकलने परतणाऱ्या बाईचा वाचलेला तासही हिशेबात धरलाच पाहिजे. तक्रार सोयीबद्दल नाही, सोयीबरोबर येणाऱ्या आकडेमोडीबद्दल आहे.

सवलत म्हणजे काय, इथून सुरुवात करू. पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती आपल्याकडे १९९० मध्ये आली. त्याआधी छापील किमतीपुढे ‘स्थानिक कर अतिरिक्त’ असे लिहिलेले असे आणि त्या नावाखाली दुकानदार वाटेल ती भर घालत. नियम ग्राहकाच्या भल्याचा होता. परंतु ही किंमत कमाल आहे, वाजवी नव्हे. ती उत्पादक स्वतः ठरवतो, आणि बहुतेक वस्तूंच्या बाबतीत ती किती वर न्यावी याला कायद्याची मर्यादा नाही. ज्या वस्तूची छापील किंमत ९९९ आहे आणि जी वर्षभर ४९९ लाच विकली जाते, तिच्यावर ‘५० टक्के सूट’ लिहिणे कागदोपत्री खोटे ठरत नाही. छताची उंची आपणच वाढवायची आणि मग छतापासून किती खाली उतरलो ते मोजून दाखवायचे, असा हा प्रकार आहे. ग्राहकाच्या दृष्टीने खरी तुलना एकच, ती म्हणजे गेल्या महिन्यात ही वस्तू कितीला होती. नेमका तोच आकडा पडद्यावर नसतो.

६ ऑक्टोबर २०१४ चा दिवस पुष्कळांना आठवत असेल. फ्लिपकार्टने त्या दिवशी आपला पहिला मोठा ‘बिग बिलियन डे’ भरवला. संकेतस्थळ कोलमडले, मागणी नोंदवलेल्या वस्तू रद्द झाल्या, आणि महोत्सवाआधी किमती वाढवून मग सूट दाखवल्याची ओरड झाली. दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. तेव्हापासून यंत्रणा पुष्कळ सुधारली, संकेतस्थळे आता कोलमडत नाहीत. किमतीचे कोडे मात्र सुटलेले नाही, उलट गुंतत गेले. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले, साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, आणि त्याच सुमारास दोन्ही मोठ्या संकेतस्थळांचे दसरा-दिवाळीचे महोत्सव सुरू झाले. कमी झालेल्या किमतीतला सरकारने सोडलेला कर किती आणि दुकानाने दिलेली सूट किती, हे घरी बसून ओळखणे सोपे नव्हते.

किमतीपेक्षाही वजनाची गंमत मोठी आहे. खाद्यतेल एक लिटर घेतले तर ते साधारण ९१० ग्रॅम भरते. पूर्वी तेल, साबण, बिस्किटे, चहा अशा ठरावीक वस्तूंची पाकिटे ठरावीक मापातच विकावी लागत. ते बंधन २०२१ च्या नियमदुरुस्तीने काढले गेले, आणि बदल्यात पाकिटावर दर ग्रॅमला किंवा दर मिलिलिटरला पडणारा भाव छापण्याची सक्ती आली. त्यानंतर बाजारात ८५० ग्रॅमच्या, ८०० ग्रॅमच्या पिशव्या दिसू लागल्या. त्या दिसतात लिटरच्या पिशवीसारख्याच. समजा ९१० ग्रॅमची पिशवी १५० रुपयांना आहे आणि शेजारची ८०० ग्रॅमची १३८ ला. घाईत बोट १३८ वर पडते. पण किलोचा हिशेब काढला तर पहिली पडते सुमारे १६५ रुपये आणि दुसरी साडेएकशेबहात्तर. बारा रुपये वाचवल्याच्या आनंदात आपण किलोमागे सात-आठ रुपये जास्त मोजलेले असतात. दुकानात पिशवी हातात घेतली की हाताला थोडे तरी कळते. मोबाईलवर सगळ्या पिशव्यांची छायाचित्रे एकाच आकाराची. म्हणून दर एकक भाव शोधून तोच वाचायची सवय लावून घेतली, तर किराण्यात जेवढे वाचते तेवढे कूपनांनी वाचत नाही, असा माझा अनुभव आहे. ‘मोठे पाकीट म्हणजे स्वस्त’ हे घरोघरचे गृहीतकही हा भाव वाचला की अनेकदा खोटे ठरते.

मग येतात ते सुटे पैसे. घरपोच शुल्क, हाताळणी शुल्क, लहान खरेदीचे शुल्क, पावसाचे शुल्क. खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी २०२३ मध्ये प्रत्येक मागणीवर ‘प्लॅटफॉर्म फी’ सुरू केली तेव्हा ती दोन रुपये होती. दोन रुपयांसाठी कोण भांडतो? दोन-अडीच वर्षांत ती दोन आकड्यांत गेली. हे शुल्क टाळण्याचा मार्ग दुकानच सुचवते: अमुक रकमेची खरेदी करा, पोहोचवणे फुकट. पस्तीस रुपयांचे दही हवे असते, घरपोच शुल्क तीस असते, आणि ते तीस वाचवण्यासाठी आपण दीडशेचे चॉकलेट टोपलीत टाकतो. पडद्यावर बचत तीस रुपये दिसते. खिशातून गेलेले असतात एकशे पंच्याऐंशी.

मोठ्या वस्तूंच्या बाबतीत हेच काम हप्ता करतो. बिनव्याजी हप्त्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते कुठे तरी दडवलेले असते. पुढे ‘नो कॉस्ट’ नावाने तीच वाट रुळली. २४,००० रुपयांचे वॉशिंग मशीन सहा हप्त्यांत घेतले आणि बँकेचा दर १५ टक्के धरला, तर व्याज साधारण १,००० रुपये होते. तेवढी सूट विक्रेता आधी देतो आणि बँक ती व्याज म्हणून वसूल करते, इथवर बरोबरी. परंतु त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, वर दोन-एकशे रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावरही कर. चारशेच्या आसपास रक्कम जाते ती गेलीच. शिवाय रोखीने घेतले असते तर मिळू शकणारी सूटही जाते. यंत्र मोडले आहे आणि हाती पैसे नाहीत, तेव्हा चारशे रुपये ही काही लूट नव्हे. पण मग त्याला चारशे रुपयांचा खर्च म्हणावे, बचत म्हणू नये.

सरकार या सगळ्याकडे डोळेझाक करून बसले आहे असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा रीती नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, न मागता टोपलीत घुसवलेला विमा किंवा देणगी, शेवटच्या पायरीवर उघड होणारे शुल्क, बाहेर पडण्याचा दरवाजाच सापडू नये असे सभासदत्व, आणि ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असे लाजवणारे बटण, हे सगळे त्या यादीत आहे. जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्यास सांगितले गेले. स्वतःची तपासणी स्वतःच करायची, हा विनोद सरकारी पत्रकात असल्यामुळे कोणी हसले नाही. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि त्याचा उपयोग होतो. पण तीस रुपयांच्या शुल्कासाठी फोन करण्याइतकी सवड कुणाला असते? नफ्याचे गणित आपल्या या सवड नसण्यावरच उभे आहे.

आता हे पैसे मोठे की किरकोळ, ते पाहू. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब खर्च पाहणीनुसार देशातल्या शहरी भागात माणशी मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये होता. चौघांच्या घराचा झाला जेमतेम २८,०००, आणि त्यातला सुमारे ४० टक्के खाण्यापिण्यावरचा, म्हणजे अकरा हजारांच्या आसपास. अकरा हजारांत दूध, भाजी, धान्य, तेल, बाहेरचे खाणे सगळे आले. अशा घरात महिन्याला चार-पाचशे रुपये नुसत्या शुल्कांत जाणे म्हणजे कुणाच्या तरी ताटातली फळे जाणे आहे.

आमच्याच घरी हा प्रयोग करून पाहिला. सणवार नसलेला महिना निवडला आणि मोबाईलवरून आलेली प्रत्येक खरेदी कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांसारखी, त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहायची असे ठरवले. तीन मोबाईलवरून मिळून ३७ वेळा सामान आले होते. पहिल्या आठवड्यातच चौकटी पुरेनात. ‘वाचवलेत’ म्हणून दाखवलेल्या आकड्यांची बेरीज झाली ४,१८६ रुपये. त्याच वस्तूंचा भाव कोपऱ्यावरच्या वाण्याकडे विचारून पाहिला, तेव्हा खरा फरक निघाला ५४० रुपयांचा. शुल्के होती ४६८. उरले ७२. शिवाय ३७ पैकी ११ वेळा जे आले ते यादीत कुठेच नव्हते. ही पाहणी नव्हे, एका घराचा कच्चा हिशेब आहे. पण मुलीने तो पाहिला आणि म्हणाली, ‘बाबा, मागवताना एवढं कधी वाटलंच नाही.’ वाटणार कसे? यादी करणे, दुकानात जाणे आणि पैसे देणे या तीन गोष्टींत पूर्वी तीन दिवसांचे अंतर असे. त्या अंतरात निम्म्या इच्छा आपोआप मरत. आता ते अंतर अंगठ्याच्या एका हालचालीएवढे उरले आहे.

पुढच्या महिन्यात आम्ही फार काही केले नाही. टोपली भरायची ती कुणीही, कधीही. पैसे भरायचे ते फक्त बुधवारी आणि रविवारी, एकाच मोबाईलवरून. कार्डाचा क्रमांक कुठेही साठवून ठेवायचा नाही. रात्रभर टोपलीत राहिलेल्या वस्तूंपैकी कितीतरी सकाळी कोणालाच नको होत्या.

महाराष्ट्राला हे नवे नाही, म्हणून थोडे आश्चर्य वाटते. नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ मध्ये ‘अपना बाजार’ उभा राहिला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर घरांनाच एकत्र बांधले. जवळपासच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, ती एकत्र करून माल थेट घाऊक खरेदी करायचा आणि आल्यावर सभासदांनी, बहुतेक ठिकाणी बायकांनीच, तो वाटून घ्यायचा. तिथे सूट नव्हती की हिरवी अक्षरे नव्हती. मागणी आधी आणि माल नंतर, एवढाच काय तो क्रम होता. मोबाईलने हा क्रम उलटा केला. आधी माल दाखवला जातो, मागणी मागाहून तयार होते. मौज अशी, की आज प्रत्येक सोसायटीचा व्हॉट्सॲप गट आहे. पन्नास घरांची तांदूळ-डाळीची मागणी एका संध्याकाळी गोळा करता येईल, त्यासाठी दारोदार फिरायची गरज नाही. काही सोसायट्या हापूसच्या पेट्या अशा मागवतातही, थेट बागायतदाराकडून. तूरडाळीपर्यंत मात्र अजून फार थोड्या पोचल्या आहेत.

आमच्या कॅलेंडरवर या महिन्यात चौदा नोंदी आहेत. पंधरावी लेकाची आहे, क्रिकेटचे हातमोजे, आणि ते रविवारपर्यंत टोपलीत थांबले आहेत.