ड्रिल लावण्याआधी काडी पाहा



कापूस वेचणीच्या दिवसांत दिग्रसकडच्या एका बांधवाने मला धुऱ्यावरच गाठले. "साहेब, गाडीच्या हेडात खडखड होऊन राह्यली. मिस्तरी म्हणते, वर ऑइल कमी चढते, भोक मोठं करून देतो. करू काय?"

मी म्हटले, "भाऊ, आधी आपले ठिबक आठवा."

ठिबकच्या नळीला सुरुवातीलाच मोठे भोक पडले, तर तिथे चिखल होतो आणि शेवटची झाडे सुकतात. पंप तोच, पाणीही तेवढेच. इंजिनाचेही तसेच आहे. तळाशी साचलेले ऑइल पंप जाळीतून ओढतो. एक वाटा क्रँकला देतो, एक वर हेडाला. ही वाटणी नीट व्हावी म्हणूनच भोकांची मापे ठरलेली असतात. हेडाचे भोक वाढवले की क्रँककडचा दाब घटतो. वरची खडखड कमी झाल्यासारखी वाटेल, पण खालचे बेअरिंग गेले तर अख्खे इंजिन खोलावे लागते, तेही ऐन हंगामात.

जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटला दोन पंप असतात. एक ऑइल इंजिनात पाठवतो, दुसरा ते टाकीत परत आणतो. काही हौशी लोक तिथे मोठे पंप बसवतात. पण पाठवणारा मोठा आणि आणणारा तसाच राहिला, तर ऑइल तळाशी तुंबते व गाडी धूर सोडते.

मग करावे काय?

१. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. इंजिन थोडे चालवून बंद करा. २-३ मिनिटांनी झाकणाची मापाची काडी पुसून ऑइल पाहा.

२. ऑइल बदलताना जाळी धुऊन घ्या. काळ्या मातीच्या धुळीत एअर फिल्टरही लवकर भरतो.

३. टॅपेटचे अंतर तपासून घ्या. हेडातली खडखड पुष्कळदा तिथलीच असते.

४. ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल घालू नका. मोटारसायकलीचा क्लचही बहुधा त्याच ऑइलात असतो, तो घसरू शकतो.

५. काढलेले काळे ऑइल विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका.

त्या बांधवाच्या गाडीची काडी आम्ही तिथेच काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते! भोक लहान नव्हते, ऑइलच कमी होते. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा: ऑइलची वाट स्वच्छ ठेवा, रुंद करू नका.