थकलेल्या घरपट्टीत अडकला वंचितांचा वाटा

(प्रतिनिधी)

विंचूर : घरपट्टी थकली की गावातील दिवे बंद पडतात आणि गटारी तुंबतात, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच थकबाकीबरोबर गावातील दलित वस्तीचा, अंगणवाडीतील बालकांचा आणि दिव्यांगांचा हक्काचा पैसाही बुडतो, याची चर्चा मात्र ग्रामसभेत क्वचितच होते. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकावरील ताण हा केवळ रस्ते आणि पाण्याचा प्रश्न नाही. गावातील सर्वांत दुबळ्या कुटुंबांच्या वाट्याला काय उरते, हा त्यातील खरा प्रश्न आहे. निफाड तालुक्यातील विंचूरसारख्या मोठ्या बाजारगावात तो अधिक ठळकपणे पुढे येतो.

उलाढाल बाजाराची, तिजोरी गावाची

नाशिक-छत्रपती संभाजीनगर मार्गावरील विंचूर हे नाव इतिहासाला परिचित आहे. पेशवाईतील मातब्बर सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीचे हे गाव. आज त्याची ओळख आहे ती लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार आणि २००१ च्या राज्य द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर उभे राहिलेले वाइन पार्क यांमुळे. हंगामात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग पाहणाऱ्यास हे गाव संपन्न असल्याचे वाटल्यास नवल नाही.

परंतु बाजाराची उलाढाल आणि गावाची तिजोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिलावावरील बाजार शुल्क बाजार समितीकडे जाते. औद्योगिक क्षेत्रातील करांत गावाचा वाटा किती, हा राज्यभरातील ग्रामपंचायती आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्यातील जुना वाद आहे. ग्रामपंचायतीच्या हाती उरते ती घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती व आरोग्य कर, गाळ्यांचे भाडे आणि मुद्रांक शुल्कातील वाटा. बाजारामुळे रोज येणारी वर्दळ, तिने निर्माण होणारा कचरा आणि हंगामी मजुरांच्या पाण्याची गरज यांचा भार मात्र गावानेच उचलायचा असतो. वित्त आयोगाचे अनुदान प्रामुख्याने जनगणनेतील लोकसंख्येवर ठरते. दुसऱ्या तालुक्यातून चार महिन्यांसाठी आलेल्या मजुराची मोजदाद त्यात होत नाही.

तीस पैशांचा हिशेब

ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातून १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. दिव्यांगांसाठीचे प्रमाण पूर्वी ३ टक्के होते. म्हणजे गावाने स्वतः कमावलेल्या प्रत्येक रुपयातील ३० पैसे वंचित घटकांचे आहेत. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो नियम आहे.

या नियमाची दुसरी बाजू फारशी लक्षात घेतली जात नाही. हे ३० पैसे 'नमुना ९' मधील मागणीवर मिळत नाहीत, प्रत्यक्ष वसुलीवर मिळतात. एक सोपे उदाहरण घेऊ. एखाद्या ग्रामपंचायतीची वार्षिक करमागणी ४० लाख रुपये आहे. सर्व कर वसूल झाला तर वंचित घटकांसाठी १२ लाख रुपये उपलब्ध होतील. वसुली निम्मीच झाली तर ही रक्कम सहा लाखांवर येते. उरलेले सहा लाख कोणी पळवले नाहीत, त्यांचा गैरव्यवहारही झाला नाही; तरीही ते गरिबांपर्यंत पोहोचले नाहीत.

आता २० लाखांच्या वसुलीचा उर्वरित हिशेब पाहू. आस्थापना खर्चावर उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यानुसार सात लाख रुपये कर्मचाऱ्यांच्या वेतनावर जातील. वंचित घटकांचे सहा लाख बाजूला ठेवले तर सात लाख रुपये उरतात. पथदिवे, जलवाहिनीची दुरुस्ती, औषधफवारणी, गटारसफाई आणि कार्यालयीन खर्च एवढ्यात भागवायचा. कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातील शासनाचा हिस्साही करवसुलीच्या प्रमाणाशी जोडलेला असल्याने वसुली घसरली की दुहेरी फटका बसतो. अशा वेळी पहिली कात्री ज्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही, त्यांच्या रकमेला लागते. मार्च अखेरीस घाईघाईने सतरंज्या, भांडी किंवा ध्वनिक्षेपक खरेदी करून १५ टक्के निधी 'खर्च' दाखवण्याची, अथवा दिव्यांगांना नाममात्र रक्कम वाटून हात झटकण्याची पद्धत अनेक गावांत रूढ झाली ती यातूनच.

बांधलेला निधी, सुटलेली बिले

मग वित्त आयोगाचा पैसा कुठे जातो, असे कोणी विचारील. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात थेट ग्रामपंचायतींच्या खात्यात पैसे दिले आणि गावांना मोठा आधार मिळाला. पंधराव्या आयोगाने २०२१-२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातील ६० टक्के निधी मात्र पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांसाठी बांधलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांवर रस्ते, शाळादुरुस्ती, अंगणवाडी अशा सर्वांची भिस्त राहिली. त्यातच जून २०२१ मध्ये पथदिवे व पाणीपुरवठ्याची वीजबिले याच निधीतून भरण्याचे निर्देश शासनाने दिले, तेव्हा राज्यभरातील सरपंचांनी त्याला विरोध केला होता.

वीजबिलाचे महत्त्व विंचूरकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. नांदूरमधमेश्वर धरणातून पाणी उचलणारी लासलगाव-विंचूरसह सोळा गाव पाणीपुरवठा योजना या परिसराची जीवनवाहिनी आहे. गळक्या जलवाहिनीमुळे आणि थकीत वीजबिलामुळे ही योजना खंडित होण्याचे प्रसंग गेल्या काही वर्षांत वारंवार आले. संयुक्त योजनेत एका गावाने पाणीपट्टी थकवली की भरणाऱ्या गावालाही तहानलेले राहावे लागते. योजना बंद पडली की ज्याच्या दारात कूपनलिका आहे त्याचे फारसे अडत नाही. ज्याला परवडते तो टँकर मागवतो. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला मात्र पाण्यासाठी मजुरी बुडवावी लागते. थकबाकीचा खरा भुर्दंड कोण भरते, ते येथे दिसते.

कांद्याचा फटका दोन्हीकडून

बाजारगावाच्या अर्थकारणाला आणखी एक अनिश्चितता चिकटलेली असते. केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. त्याच्या निषेधार्थ सप्टेंबरच्या अखेरीस व्यापाऱ्यांनी पुकारलेल्या बंदमुळे नाशिक जिल्ह्यातील बहुतेक लिलाव सुमारे दोन आठवडे ठप्प झाले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ रोजी उठली. पण शुल्क कायम राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले.

या घडामोडींत शेतकऱ्याच्या नुकसानीची चर्चा झाली आणि ती योग्यच होती. पण लिलाव थांबला की व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर कांदा निवडणाऱ्या स्त्रिया, गोण्या भरणारे हमाल आणि मालवाहू गाड्यांवरील मजूर यांची त्या दिवसाची मजुरीच थांबते. त्यांच्याजवळ ना सातबारा असतो, ना अनुदानाची पावती. नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ या काळातील विक्री असो वा त्याआधीची, भाव पडले की शेतकऱ्याची घरपट्टी लांबणीवर पडते आणि त्याच वेळी मजुराच्या घरी मदतीची निकड वाढते. ग्रामपंचायतीचे उत्पन्न आटते नेमके तेव्हाच तिच्याकडे येणारे हात वाढतात.

राज्याच्या योजनांची विसंगती

गावाची तिजोरी अपुरी असेल तर राज्याने आधार द्यावा, ही अपेक्षा रास्त आहे. राज्याच्या योजना आहेतही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील मासिक मदत जुलै २०२३ पासून एक हजारावरून दीड हजार रुपये झाली. २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती अडीच हजार करण्यात आली. या सुधारणांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु विधवा व निराधारांसाठी अट आहे ती दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असण्याची किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असण्याची. २०२५-२६ मध्ये राज्यातील रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने वर्षात ६८ दिवस काम करणारी विधवा या योजनेला अपात्र ठरते. कागदोपत्री उत्पन्न कमी दाखवण्याशिवाय तिच्यापुढे मार्ग राहत नाही, आणि व्यवस्थेनेच तिला असत्याकडे ढकललेले असते.

याउलट जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेसाठी उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आहे आणि मदत तेवढीच, दीड हजाराची. शासनाच्या अन्य योजनेतून दीड हजार किंवा अधिक मिळत असल्यास लाडकी बहीणचा लाभ मिळत नाही. म्हणजे निराधार विधवा आणि अडीच लाख उत्पन्नाच्या कुटुंबातील गृहिणी यांच्या गरजेचे मोल राज्याने सारखेच ठरवले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाण्याचा अंदाज त्याच अर्थसंकल्पात होता. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी रुपये या योजनेकडे वळवले गेले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. लाखो स्त्रियांच्या हाती थेट पैसा पोहोचला, हे या योजनेचे यश नाकारण्याचे कारण नाही. मात्र वरच्या तिजोरीतील ओढाताण अखेर खालच्या तिजोरीपर्यंत पोहोचते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी मंजूर केलेल्या कायद्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, पण खर्चाचा ४० टक्के भार राज्यांवर आला. ज्या राज्याने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवली, त्याच्यासाठी ही कसोटीच आहे.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. युरोपातील मोठ्या स्थानिक संस्थांपैकी एक असलेल्या बर्मिंगहॅम नगर परिषदेने सप्टेंबर २०२३ मध्ये आर्थिक अडचणीची कायदेशीर सूचना जाहीर केली. पुढील वर्षी नागरिकांवरील कर सुमारे १० टक्क्यांनी वाढला आणि सेवांवर मोठी कपात लादली गेली. श्रीमंत देशातही स्थानिक तिजोरी कोसळली की आधी गरिबांच्या सेवा आटतात.

वसुली कोणाकडून?

घरपट्टी सक्तीने वसूल केली तर गरीबच भरडले जातील, असा आक्षेप घेतला जातो. तो पूर्णपणे चुकीचा नाही. पण डिसेंबर २०१५ मध्ये कर नियमांत झालेल्या सुधारणेनंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर आधारित आहे. पत्र्याच्या दोन खोल्यांची पट्टी आणि रस्त्यालगतच्या गाळ्यांची पट्टी यांत मोठे अंतर असते. म्हणून वसुली वरून खाली आली पाहिजे. थेट जनतेतून निवडून येणाऱ्या सरपंचाला मोठ्या थकबाकीदाराच्या दारात जाणे अवघड वाटते, हे वास्तव आहे. २०२५ च्या अखेरीस शासनाने जुन्या थकबाकीवर निम्मी सवलत देण्याची मुभा ग्रामपंचायतींना दिली. त्याने अडकलेला पैसा काही प्रमाणात सुटेलही. परंतु वेळेवर पट्टी भरणाऱ्या मजुराला काहीच न मिळता वर्षानुवर्षे थकवणाऱ्याला बक्षीस मिळाले, तर पुढील वर्षी वसुली आणखी घसरेल.

उपाय अवघड नाहीत. मोठ्या थकबाकीदारांची यादी ग्रामसभेत वाचली जावी. कर आकारणीतून सुटलेल्या व्यापारी बांधकामांची 'नमुना ८' मध्ये नोंद व्हावी. जमा होणाऱ्या करातील ३० टक्के रक्कम दर तिमाहीस स्वतंत्र खात्यात वळती करावी, म्हणजे मार्च अखेरची खरेदी टळेल. आणि सर्वांत महत्त्वाचे, मदतीस पात्र कुटुंबांची यादी गावानेच करावी. केरळमध्ये स्थानिक संस्थांनी ६४ हजार ६ अतिगरीब कुटुंबे शोधून प्रत्येकासाठी स्वतंत्र आराखडा केला आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याची घोषणा तेथील सरकारने केली. त्या दाव्यावर वाद झाले, तरी शोध घेण्याची पद्धत अनुकरणीय आहे. आपल्याकडे ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद आहेच. कोणाच्या घरी चूल पेटत नाही, हे तेथे बसलेल्या बायकांना कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा अधिक अचूक माहीत असते.

राज्यानेही आपला वाटा उचलायला हवा. २१ हजारांची मर्यादा वास्तवाला धरून वाढवणे, मुद्रांक शुल्कातील हिस्सा वेळेवर देणे आणि संयुक्त पाणी योजनांच्या वीजबिलाचा कायमचा तोडगा काढणे ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील नाहीत. सोळाव्या वित्त आयोगाचा २०२६ ते २०३१ हा कालखंड त्यासाठी संधी आहे.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये गावाला सत्ता दिली, तेव्हा गावाचा कारभार गावातील शेवटच्या घरापर्यंत पोहोचेल अशी अपेक्षा होती. ते घर अंदाजपत्रकात आहे. त्याच्यासाठी ३० पैशांची तरतूदही आहे. तो रुपया आधी वसूल करण्याचे धैर्य गावाने दाखवले, तरच ती तरतूद कागदाबाहेर येईल.