जुन्या ट्रॅक्टरच्या गिअर-पेटीतील तेल केव्हा बदलावे?

बैलगाडी बाहेर काढण्यापूर्वी आसाला वंगण घालण्यास शेतकरी सहसा विसरत नाही. चाक करकरू लागेपर्यंत थांबणाऱ्यास गावात कोणी शहाणा म्हणत नाही. परंतु त्याच घरी ट्रॅक्टर आला म्हणजे ही दक्षता इंजिनापुरतीच उरते. इंजिनाचे तेल वेळच्या वेळी बदलले जाते; गिअर-पेटीतील तेल मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते. ते जळत नाही, म्हणून खराबही होत नाही, असा समज त्यामागे असतो.

हा समज चुकीचा आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर-पेटी, मागील आस व हायड्रॉलिक यंत्रणा यांना एकच तेल पुरविले जाते. दंतचक्रांच्या झिजेने धातूची बारीक पूड त्यात मिसळते आणि उष्णतेने त्याचे गुण कमी होतात. तेल मापाला तेवढेच भरते, पण त्याचा कस गेलेला असतो.

“जुन्या यंत्राचे जुने तेल हलवू नये, हलविले की पेटी बिघडते,” असे काही अनुभवी चालकही सांगतात. त्यांचा अनुभव खोटा नसतो. निष्कर्ष मात्र सहसा चुकतो. आवाज येऊ लागला, गिअर अडू लागला, की मगच अनेकांना तेलाची आठवण होते. तोवर दंतचक्रे झिजलेली असतात. पुढे पेटी बंद पडली म्हणजे दोष नव्या तेलाच्या माथी मारला जातो. दुखणे अंगावर काढावे आणि शेवटी वैद्याला बोल लावावा, तसाच हा प्रकार होय.

तेव्हा निर्णय ऐकीव गोष्टींवर नव्हे, तर कामाचे तास व तेलाची स्थिती यांवर घ्यावा. अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत सुमारे १,००० तासांची मुदत दिलेली असते. आपल्या ट्रॅक्टरची पुस्तिका सांगेल ती प्रमाण मानावी. तासमापक बंद असल्यास वहीत नोंद ठेवावी. रोज ८ तासांप्रमाणे १२५ दिवसांत १,००० तास भरतात. जुना ट्रॅक्टर विकत घेतला व पूर्वीची नोंद मिळाली नाही, तर एकदा तेल व गाळणी बदलून तेथून मोजणी सुरू करणे हेच श्रेयस्कर.

तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे भाताच्या चिखलणीनंतर ही तपासणी अवश्य करावी. अशा वेळी मुदतीची वाट न पाहता आधी गळके सील दुरुस्त करावे व मग तेल बदलावे. तळाच्या बुचाला करडा, मऊ लेप आढळला तर घाबरण्याचे कारण नाही. पण धातूचे कपचे आढळले तर केवळ तेल बदलून भागणार नाही, कारागिरास दाखविलेच पाहिजे.

तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच असावे. काढलेले तेल विहिरीजवळ वा नाल्यात ओतू नये.

या तेलाचा खर्च एकदम करावा लागत असल्याने तो जड वाटतो, हे खरे. परंतु पेटी दुरुस्त करण्यासाठी बहुधा ट्रॅक्टर मधून उकलावा लागतो, आणि तो प्रसंग ऐन पेरणीत आला तर हातचा वाफसा निघून जातो. वाफसा कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यातच गावातील प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरची वही उघडावयास लावावी. तहान लागल्यावर विहीर खणण्याची पाळी मग कोणावर येणार नाही.