सिद्धलिंगय्यांना नुसते कवी म्हणू नका

शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरबरोबर आमचे हे होसकोटेही होते. मराठी माणसाला इकडचा एवढा इतिहास सहसा पुरतो. बंगळूरच्या श्रीरामपुरात वाढलेले सिद्धलिंगय्या मात्र ढसाळांच्या वाचकांनाही फारसे माहीत नसतात.

१९५४ साली मागडी तालुक्यात जन्म, शहरातल्या वसतिगृहात शिक्षण. १९७५ चा पहिला संग्रह ‘होलेमादिगर हाडु’. दोन अस्पृश्य जातींची नावे थेट मुखपृष्ठावर! दलित संघर्ष समितीच्या मोर्चांत त्यांची गाणी गायली जात. ‘ऊरु केरी’ या आत्मकथनाच्या सुरुवातीलाच बैलांच्या जागी औताला जुंपलेली दोन माणसे दिसतात. त्यातला एक त्यांचा बाप. आणि हा माणूस पुढे पानोपानी हसवतो.

मला बोलायचे आहे ते त्यांच्या संशोधनाबद्दल. पीएचडीला त्यांनी ग्रामदेवता घेतल्या. त्यांनी सांगितलेली मंचम्माची गोष्ट बघा. लोक देवीचे देऊळ बांधत होते, भिंती छतापर्यंत आल्या. तेवढ्यात एकाच्या अंगात देवी आली आणि तिने विचारले, तुम्हा सगळ्यांना घरे आहेत का? नाहीत म्हटल्यावर तिने छत नाकारले. सगळ्यांना घर मिळेपर्यंत तीही उघड्यावरच राहणार. ही भाबडी श्रद्धा म्हणून सोडून देता येत नाही. गावात घर कुणाला आणि कुणाला नाही, हा हिशेब तिथे देवीच्या तोंडून मांडला जातो.

एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या गावात गेले, तेव्हा मुक्काम पाटलाच्या वाड्यावर होता. आपल्याला गाव वरच्या जातींच्या बाजूने दिसले, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलेही. तरी ते समाजशास्त्र, आणि केरीतून पाहिलेले गाव ‘दलित साहित्य’. आपल्या पोरांना व्हायवात विचारतात, यात थिअरी कुठे आहे? मग पोरगा स्वतःची वस्ती प्रबंधातून काढून टाकतो आणि फ्रेंच नावे भरतो.

१९८८ मध्ये सिद्धलिंगय्या विधान परिषदेत गेले, पुढे सरकारी पदेही घेतली. चळवळीतल्या अनेकांना ते रुचले नाही. मलाही ते पूर्ण पटत नाही. पण त्या रागात त्यांचे संशोधनही बाजूला पडले. २०२१ च्या जूनमध्ये कोविडने ते गेले, तेव्हा श्रद्धांजल्या कवीला वाहिल्या गेल्या.

एमएच्या ग्रामीण समाजशास्त्राच्या पेपरात श्रीनिवासांच्या शेजारी ‘ऊरु केरी’ लावायला अभ्यासमंडळाची काय हरकत आहे, हे एकदा लेखी विचारायला हवे.