कासवी आणि शेवाळ

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या घरात एक पेल्यातलं वादळ होऊन गेलं. धाकट्या लेकीचा फोन आला, "आई, बाळंतपणाला मी तिकडे येत नाही गं. इथलाच दवाखाना बरा." झालं! लाडवांसाठी आणलेला डिंक मी तसाच फडताळात ढकलला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत ना!

त्याच सुमारास भिशीतल्या बायकांबरोबर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गेले. तिथे २००२ सालापासून समुद्री कासवांची अंडी राखतात. कासवी जिथे जन्मली, बहुधा त्याच भागातल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते. म्हणजे बाळंतपण माहेरीच! नर मात्र पाण्याबाहेर येतच नाही. रात्री वाळूत हात-दीड हात खड्डा करायचा, शंभरेक अंडी घालायची, वाळू लोटायची आणि निघायचं. कासवी पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते, असं आपण कीर्तनात ऐकतो. समुद्रातली ही कासवी मागे वळूनही बघत नाही! दीड-दोन महिन्यांनी पिलं आपली आपणच पाण्याकडे धावतात.

परतताना एका खडकाळ किनाऱ्यावर थांबलो. खडकांवर पातळ हिरवं शेवाळ, जणू पतंगाचा कागद. याला मूळ नाही. खडकाला नुसतं धरून राहायचं आणि अन्नपाणी सगळ्या अंगानं घ्यायचं. ओहोटीला कोमेजतं, भरतीला पुन्हा टवटवीत. याचं बी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण. ते पाण्यात पोहतात आणि जिथे टेकतील तिथेच संसार थाटतात. माहेर नाही की बाळंतपणाची वारी नाही!

मनात म्हटलं, मी कासवी आणि लेक शेवाळ. पण तिथल्याच एका मुलानं सांगितलं, २०२१ साली ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक कासवी २०२५ साली आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे कासवीसुद्धा कधीकधी दुसरा किनारा जवळ करते! आणि कासवाच्या पाठीवर शेवाळही रुजतं हं. खडकाला चिकटणारं ते शेवाळ मग समुद्रभर हिंडतं.

घरी आल्याबरोबर डिंक बाहेर काढला. लाडू केले, डबा भरला आणि तिकीट काढलं. लेक येत नसेल तर आईनं जावं!

जाता जाता: पुडिंगसाठी आपण वापरतो तो चायना ग्रास समुद्री शेवाळाचाच बरं का! अर्धा तास भिजवून, पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा आणि गरम दुधातच घाला. गार दुधात गुठळ्या होतात. फ्रिज नसला तरी पुडिंग छान जमतं.