घर पाहण्याआधी वस्ती पाहावी

उन्हाळ्याची सुट्टी सरत आली आणि शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले, की पुण्याच्या रस्त्यांवर घरसामानाने भरलेले टेंपो दिसू लागतात. कोणी बदलीवर आलेला असतो, कोणी पहिल्या नोकरीवर रुजू होणारा, कोणी मुलीच्या शिक्षणासाठी गाव सोडून आलेला. अनोळखी शहरात बिऱ्हाड मांडणे हा माणसाच्या आयुष्यातील मोठा निर्णय आहे. परंतु तो आज ज्या घाईने आणि ज्या अपुऱ्या माहितीवर घेतला जातो, ते पाहून आम्हांस चिंता वाटते. ‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. आता शहरात स्वतः घर बांधणारा विरळाच. तो ते तयार विकत घेतो किंवा भाड्याने घेतो. म्हणून या म्हणीत कालानुरूप बदल करावयाचा झाल्यास ‘घर पाहावे वस्ती पाहून’ असाच करावा लागेल.

नवा माणूस प्रथम काय पाहतो? खोल्या किती, फरशी कशी, भाडे अथवा हप्ता किती. या गोष्टी गौण आहेत असे आम्ही म्हणणार नाही. खिशाचा विचार कोणास चुकला आहे? परंतु फरशी बदलता येते, भिंतीस रंग देता येतो. वस्तीचे पाणी, तिचा उतार, तिची शाळा आणि तिचा शेजार एकट्यादुकट्यास बदलता येत नाही. आणि माणसाचे सुखदुःख पुष्कळदा याच गोष्टींवर अवलंबून असते.

ही दृष्टी या शहरास नवी नाही. अठराव्या शतकात पुण्याच्या पेठा वाढू लागल्या, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालील नळांतून शहरात आणून ठिकठिकाणच्या हौदांत खेळविले. पेठेस बाजार होता, देऊळ होते, कारागिरांच्या आळ्या होत्या. त्या रचनेत जातवार विभागणीचा मोठा दोष होता, हे आम्ही विसरलेलो नाही, आणि त्याविषयी पुढे लिहिणारच आहोत. परंतु माणसे वसवावयाची तर पाण्याची सोय अगोदर पाहिली पाहिजे, एवढे शहाणपण त्या काळीही होते.

आज क्रम उलटला आहे. इमारती आधी उभ्या राहतात आणि पाणी, गटारे व रस्ते त्यांच्या मागून धापा टाकीत येतात. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे आली. हद्द एका आदेशाने वाढते. जलवाहिनी आदेशाने वाढत नाही. याचे प्रत्यंतर २०२५ च्या जानेवारीत आले. सिंहगड रस्त्याच्या बाजूस नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकामागून एक आढळले आणि संशयाचे बोट पिण्याच्या पाण्याकडे वळले. खडकवासल्याचे धरण जेथून जवळ आहे, त्याच वस्तीत पाण्याविषयी धास्ती निर्माण व्हावी, यापरते दुर्दैव कोणते? तेव्हा घर पाहावयास जाणाऱ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न असा : येथे नळाचे पाणी येते की टँकरचे, किती वेळ येते, आणि ते कोण तपासते?

दुसरा प्रश्न पावसाचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेने नदीकाठच्या पेठा धुऊन नेल्या. त्या आपत्तीतून गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. वास्तविक एवढ्या धड्यानंतर या शहराने नदीनाल्यांच्या वाटेस जावयास नको होते. तथापि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यासारखा एरवी ध्यानातही न येणारा प्रवाह घरांत शिरला. शहर व परिसर मिळून वीसहून अधिक माणसांस प्राण गमवावे लागले. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्याखाली गेली. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. या रेषा नकाशांत असतात. घर विकणाऱ्याच्या तोंडी मात्र त्या सहसा येत नाहीत. ‘नदीचे दर्शन घडविणारा सज्जा’ असे जाहिरातीत वाचणाऱ्याने ती नदी त्या सज्जापासून किती अंतरावर थांबते, हेही विचारून घ्यावे.

तिसरा प्रश्न वेळेचा. कामावर जाण्यास एक तास व परतण्यास एक तास लागत असेल, तर वर्षाच्या अडीचशे कामाच्या दिवसांत पाचशे तास रस्त्यावर जातात. आठ तासांचा दिवस धरला, तर हे बासष्ट दिवसांहून अधिक होतात. दूरचे स्वस्त घर पुष्कळदा असे महाग पडते. ते मोल पैशात दिसत नाही इतकेच. मुलांच्या बाबतीत तर हा हिशेब अधिकच कठोर आहे. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. तासभर बसचा प्रवास करून आलेले मूल पहिल्याच तासाला कसे पेंगते, हे आम्ही पाहिलेले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलास एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलास तीन किलोमीटरच्या आत शाळा अपेक्षिली आहे, ती उगीच नव्हे. पायी जाता येईल अशी शाळा, भाजीबाजार, दवाखाना, वाचनालय आणि म्हाताऱ्या माणसांना टेकावयास एखादा पार, एवढे जेथे आहे ती वस्ती साधी असली तरी श्रीमंत समजावी.

हे सारे एका रविवारच्या फेरफटक्यात कळत नाही. म्हणून आमची सूचना अशी आहे, की ज्यांना शक्य असेल त्यांनी पहिले वर्ष भाड्याने राहावे आणि एक पावसाळा व एक उन्हाळा त्या वस्तीत काढल्याशिवाय घर विकत घेऊ नये. भाडेकरार लेखी करून नोंदवावा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. १९९९ च्या राज्य भाडे नियंत्रण कायद्याने अशा करारांची नोंदणी आवश्यक केली असून ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे.

येथवर आम्ही येणाऱ्यांस सांगितले. आता आधीपासून राहणाऱ्यांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. वस्तीची निवड करावयाची तर ती निवडण्याची मोकळीक असावी लागते. भाड्याचे घर पाहावयास गेलेल्या सुशिक्षित, निर्व्यसनी तरुणास प्रथम आडनाव विचारले जाते. आडनावावरून जात वा धर्म उमगला नाही, तर आहार विचारला जातो. एकट्या राहणाऱ्या मुलीस तर घर देण्याआधी तिच्या चारित्र्याची उलटतपासणी होते. नकार स्पष्ट शब्दांत क्वचितच मिळतो; ‘कालच दुसऱ्यांना दिले’ एवढेच ऐकावयास मिळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी नाव पालटून आश्रय घेतला. तेथून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एक हिंदू व एक ख्रिस्ती, असे दोन मित्रही दार उघडू शकले नाहीत. ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. बडोद्याने त्या दिवशी काय गमावले, हे आज निराळे सांगावयास नको. त्याच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क कागदावर राहतो की जिन्यावरून वर चढतो, हे मात्र आपल्यासारख्या सुशिक्षित घरमालकांवर आणि गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांवर अवलंबून आहे. विद्येचे माहेरघर म्हणून मिरविणाऱ्या शहराने आडनावावरून दार लावावे, हे त्या विद्येस शोभत नाही.

आमची मागणी मोठी नाही. महापालिकेने प्रत्येक प्रभागातील पाण्याच्या वेळा, पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष, गटारांची स्थिती आणि पूररेषा सामान्य माणसास कळतील अशा मराठीत एके ठिकाणी प्रसिद्ध कराव्यात आणि प्रभाग कार्यालयाच्या फलकावरही लावाव्यात. गृहनिर्माण संस्थांनी भाडेकरूंविषयीचे आपले अलिखित नियम एकदा उजेडात आणून पाहावेत. जो नियम लिहून भिंतीवर लावण्याची लाज वाटते, तो पाळण्याचीही वाटावयास हवी. नव्याने येणाऱ्यास या शहराकडून खरी माहिती आणि उघडे दार, एवढे तरी मिळालेच पाहिजे. यंदाच्या जूनपासूनच हे घडावे, अशी आमची अपेक्षा आहे.